क्लासिक ३५० चा बेंड पाईप अंगणात बदलताना

गाडी रॉयल एनफिल्ड क्लासिक ३५०, २०१३ सालची, कार्ब्युरेटरवाली, यूसीई इंजिन (इंजिन आणि गिअरबॉक्स एकाच घरात असलेलं). मुक्काम रत्नागिरी. घर समुद्राच्या वाऱ्यात आहे. लोखंडी गेट दर पावसाळ्यानंतर घासून रंगवावं लागतं, त्यावरून गाडीच्या क्रोमचं काय होत असेल ते लक्षात येईल. काम एवढंच: सडलेला मूळ बेंड पाईप, म्हणजे इंजिनापासून सायलेन्सरपर्यंतची वाकडी नळी, काढायचा आणि त्या जागी विकत घेतलेला स्टेनलेस स्टीलचा बसवायचा. सायलेन्सर कंपनीचाच राहणार, आवाजही कंपनीचाच राहायला हवा. किनाऱ्यावर बुलेट बाळगणाऱ्या बहुतेकांवर ही वेळ कधी ना कधी येते, म्हणून जसं घडलं तसं लिहून ठेवतोय.

६ ऑक्टोबर २०२४

उतारावर थ्रॉटल सोडला की सायलेन्सरमधून फुटके आवाज यायला लागले होते. कार्ब्युरेटरला हात लावण्याआधी गाडी मेन स्टँडवर घेतली आणि खाली आडवा होऊन बेंड पाईप बघितला. पहिल्या वळणाच्या खालच्या बाजूला क्रोमचा पापुद्रा सुटलेला होता. तिथे स्क्रू ड्रायव्हरचं टोक टेकवलं, तर ते सरळ आत गेलं.

वरून पाईप अजून चकचकीत आहे. तो सडतो खालून आणि आतून. रस्त्यावरचं खारं पाणी आणि चिखल खालच्या अंगाला चिकटून राहतो. आतलं कारण वेगळं: गावातल्या गावात दोन-तीन किलोमीटर फिरून गाडी बंद केली की पेट्रोल जळताना झालेली वाफ पाईपात थंड होते, पाणी होऊन तिथेच बसते, आणि पाईप पुरेसा तापलेला नसल्यामुळे ते उडून जात नाही. माझी गाडी बाजार, बंदर आणि ऑफिस एवढीच फिरते. तिचा पाईप असाच जायचा होता.

पर्याय तीन होते. कंपनीचा नवीन घ्यायचा, लोकल क्रोमवाला घ्यायचा, किंवा ३०४ ग्रेडच्या स्टेनलेसचा. क्रोमवाला दोन-तीन पावसाळ्यांत पुन्हा इथेच आणून सोडेल, म्हणून स्टेनलेसचा मागवला. पोस्टेजसकट ३,२०० रुपये. 'थेट बसतो, काही फेरफार लागत नाही' असं वर्णनात लिहिलं होतं.

१३ ऑक्टोबर

दसरा काल झाला. गाडीला हार घालून झाला, आता काम.

पाईप आलाय. दिसायला उत्तम. लोहचुंबक लावून बघितलं: सरळ भागाला चिकटत नाही, वळणांवर किंचित ओढल्यासारखं वाटतं. ते घाबरण्यासारखं नाही. स्टेनलेस थंड असताना वाकवलं की वळणावर थोडं चुंबकत्व येतं. मात्र चुंबक लावून ३०४ की स्वस्तातला २०२ ग्रेड हे कळत नाही, दोन्हींना तो चिकटत नाही, आणि बाजारात २०२ चा माल ३०४ म्हणून सर्रास विकला जातो. ही शंका मी बाजूला लिहून ठेवली आहे.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. माझ्या मूळ पाईपच्या मागच्या भागात, सायलेन्सरच्या तोंडाआधी, धुरातले विषारी वायू कमी करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (कॅट) आहे. नव्या पाईपात तो नाही, नुसती सरळ नळी आहे. विकणारे याला 'फ्री फ्लो' म्हणतात. मला हे चालणार नाही. कॅट काढला की धुरातले विषारी वायू वाढतात, पेट्रोलचा उग्र वास मागच्या माणसाच्या नाकात जातो, आणि कायदाही आड येतो: मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये मूळ रचनेतल्या फेरफारांवर बंधन आहे, आणि आवाज-प्रदूषणासाठीच्या कलम १९०(२) मध्ये २०१९ च्या दुरुस्तीनंतर १० हजार रुपयांपर्यंत दंड आहे. पुण्या-नागपुरात पोलिसांनी असले सायलेन्सर रोड रोलरखाली घातले ते उगाच नाही. पहाटे चारला गल्लीतून बुलेट गेली की आजारी माणूस दचकून उठतो, हे मी घरात पाहिलंय. म्हणून जुन्या पाईपातला कॅटचा तुकडा नव्यात बसवायचा असं ठरवलं. तो कसा बसेल हे अजून ठरलेलं नाही.

तोवर स्टडची तयारी. इंजिनाच्या हेडमधून पुढे आलेले दोन स्टड (डोकं नसलेले, आटे असलेले खिळे), आठ एमएमचे, त्यांवर पाईप धरून ठेवणारे नट. नट आणि स्टड वेगळे ओळखू येत नव्हते, नुसता तांबडा ढेकूळ. वायर ब्रशने आट्यांची टोकं मोकळी केली आणि गंज सोडवणारा स्प्रे मारायला सुरुवात केली. रोज संध्याकाळी गाडी घरी आली की इंजिन कोमट असताना मारायचा. अगदी गरम असताना मारला तर उडून जातो, थंड असताना आत शिरत नाही. स्प्रे झाल्यावर नटाच्या डोक्यावर छोट्या हातोडीने हलक्या टिचक्या. जोर लावायचा नाही. गंजाला बारीक भेगा पडून तेल आत जावं एवढ्यासाठीच.

१९ ऑक्टोबर

आज काढायला घेतला. क्रम असा: आधी लेग गार्ड सोडला, मग सायलेन्सरच्या तोंडावरचा क्लॅम्प ढिला केला, मग सायलेन्सरचे मागचे बोल्ट, आणि शेवटी हेडवरचे दोन नट. सायलेन्सर ओढून वेगळा केला की बेंड पाईपवर ताण राहत नाही आणि नट सरळ फिरतात.

डावीकडचा नट आला. कुरकुरत आला, पण आला. नट फिरवताना अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे असं करत गेलो. सलग एका दिशेने काढला तर गंजाची भुकटी आट्यांत भरते आणि नट पुन्हा अडकतो.

उजवीकडच्याने पहिला पाव फेरा नीट घेतला. मग पान्याला एकदम हलकं लागायला लागलं. नट सुटला की असं हलकं लागतं, आणि स्टड पिळला जात असला तरीही असंच लागतं. ओळखायची खूण एकच: नट फिरतोय, पण स्टडचं टोकही त्याच्यासोबत फिरतंय का, ते बघायचं. खडूने टोकावर रेघ मारून ठेवली असती तर तिथेच थांबता आलं असतं. मी बघेपर्यंत स्टड तुटला.

सुदैवाने तो हेडच्या तोंडाशी न तुटता नटाखाली तुटला. नऊ-दहा मिलिमीटर बाहेर आहे.

२० ऑक्टोबर

व्हाइस ग्रिप (आवळून लॉक होणारी पक्कड) लावून बघितली. टाकी उतरवली, कार्ब्युरेटरमधलं पेट्रोल काढून घेतलं, आणि मग छोट्या गॅस टॉर्चने स्टडभोवतीचं ॲल्युमिनियम तापवलं. ॲल्युमिनियम लोखंडाच्या जवळजवळ दुप्पट पसरतं, त्यामुळे भोक मोठं होऊन स्टड सुटायला हवा. कागदावर. प्रत्यक्षात व्हाइस ग्रिप घसरून स्टडच्या बाजू गोल व्हायला लागल्या. अजून ओढलं असतं तर उरलेला तुकडाही गेला असता, म्हणून सोडून दिलं.

ओळखीच्या दोघांनी ड्रिल मारून इझी आउट (तुटलेला स्टड आतून पकडून उलटा फिरवायचं हत्यार) लावायला सांगितलं. घरी हे करू नये असं माझं ठाम मत आहे. इझी आउट अतिशय कडक पोलादाचा असतो आणि तेवढाच ठिसूळ. तो भोकात तुटला तर साध्या ड्रिलने निघत नाही, आणि मग हेड उतरवून मशीन शॉपला न्यावं लागतं. बाहेर एक सेंटीमीटर स्टड शिल्लक असताना हा धोका कशाला?

२२ ऑक्टोबर

मिरजोळे एमआयडीसीतले एक वेल्डर काका संध्याकाळी स्कूटरवर छोटं इन्व्हर्टर वेल्डिंग मशीन घेऊन घरी आले. वेल्डिंगआधी बॅटरीच्या दोन्ही वायरी सोडल्या. हे विसरू नका, इग्निशनचं इलेक्ट्रॉनिक युनिट जळू शकतं. हेडच्या फिन्सवर ओला गोणपाट टाकला, ठिणग्या चिकटू नयेत म्हणून.

काकांनी स्टडवर दहा एमएमचा नट ठेवला. तो स्टडपेक्षा मोठा, म्हणजे मध्ये जागा राहते. त्या जागेत वेल्डिंग भरलं. लाली जाईपर्यंत थांबले आणि देवघरातली मेणबत्ती मागितली. तापलेल्या स्टडच्या मुळाशी मेणबत्ती टेकवली की मेण वितळून आट्यांत ओढलं जातं.

पहिलं वेल्डिंग पाना लावताच उपटून आलं. काका म्हणाले, "पृष्ठभागावर तेल होतं, धरलं नाही. तुझा स्प्रे." रॉकेलने पुसलं, कानशीने घासलं, पुन्हा भरलं. मी पाना धरला तर म्हणाले, "ओढू नको. हलव नुसता. मागे, पुढे. तो स्वतः सांगेल कधी सुटला ते." कितीतरी वेळ काहीच झालं नाही. मग एक बारीक टक् आवाज झाला आणि त्यानंतर स्टड हाताने फिरवता येईल इतका सहज बाहेर आला.

दुसरा स्टड शाबूत होता, तरी काढला. त्यावर दोन नट एकमेकांना घट्ट आवळून खालच्याला पाना लावला की स्टड फिरतो. एक नवा आणि एक जुना स्टड ठेवण्यात अर्थ नाही. पुढच्या वेळी जुना तुटणारच. काकांनी ५०० रुपये घेतले. मला ते फारच कमी वाटले, पण जास्त घ्यायला तयार झाले नाहीत.

२७ ऑक्टोबर

आटे साफ केले. आठ एमएमचा, १.२५ पिचचा टॅप (आटे पाडायचं हत्यार), भरपूर तेल लावून, हातानेच. उजव्या भोकाचे तोंडाकडचे एक-दोन आटे गेलेत, पुढचे चांगले आहेत, म्हणून हेलिकॉइलची (गेलेल्या आट्यांच्या जागी बसवायच्या तारेच्या गुंडाळीची) गरज पडली नाही.

पोर्ट, म्हणजे हेडमधलं धूर बाहेर पडायचं तोंड, बघताना एक गोष्ट नीट लक्षात घ्या. आत जी गोल, काळी, गुळगुळीत कडा दिसते ती हेडचीच आहे असं वाटतं. ती जुनी गॅस्केट (जोडातून धूर फुटू न देणारी रिंग) असते, दाबून-दाबून पोर्टमध्ये बसलेली. तिच्यावर नवी गॅस्केट ठेवली तर लीक ठरलेलं. हॅक्सॉच्या ब्लेडचा तुकडा घासून टोकदार केला आणि कडेने हळूहळू खरवडली. आत चुरा पडू नये म्हणून पोर्टमध्ये चिंधी कोंबली होती. ती शेवटी आठवणीने काढायची.

नवे स्टड बसवले, आट्यांना कॉपर ग्रीस लावून. नट साध्या लोखंडाचे न घेता तांब्याचा मुलामा असलेले घेतले, ते स्टडला चिकटून बसत नाहीत. मग नवा पाईप नुसता अडकवून बघितला.

बसला नाही. फ्लँज (पाईपच्या पुढच्या टोकाची, स्टडवर नटांनी आवळायची पट्टी) हेडवर सपाट टेकवला की मागचं टोक सायलेन्सरच्या तोंडापासून बोटभर बाहेर जातं. मागचं टोक जुळवलं की फ्लँज हेडवर तिरका उभा राहतो. शिवाय ब्रेक पेडल दाबलं की त्याचा दांडा पाईपला टेकतो. मागचा ब्रेक अर्ध्यात अडणार असेल तर ती गाडी रस्त्यावर न्यायचीच नाही.

विक्रेत्याला फोटो पाठवले. उत्तर आलं की नट आवळत जा, आपोआप ओढला जातो. ओढला जाईलही, पण तो सगळा ताण ॲल्युमिनियमच्या हेडमधल्या आठ एमएमच्या दोन स्टडवर येणार. या इंजिनाचा स्ट्रोक ९० मिलिमीटरचा आहे, त्याची थरथर आणि त्यावर कायमचा ताण. पाईपला वेल्डिंगपाशी तडा जाईल किंवा आटे उपटून येतील. परत पाठवायचा तर पोस्टेज माझं आणि दुसरा असाच निघणार नाही याची खात्री नाही. ठेवला. मधून कापावाच लागणार आहे कॅटसाठी, तेव्हाच त्याचा कोनही सुधारून घ्यायचा.

१० नोव्हेंबर

दिवाळीत काम बंद. पाहुण्यांना अंगणात उघडं इंजिन बघावं लागलं.

आज साचा केला. पाईप दुरुस्त करणारा माझ्या गाडीपासून लांब असणार, मग त्याला नेमका कोन कळणार कसा? उत्तर जुन्या पाईपात आहे. तो सडला असला तरी त्याची दोन टोकं एकमेकांपासून नेमकी कुठे आहेत हे त्याच्याइतकं अचूक दुसरं काही सांगू शकत नाही. जाड प्लायवर लोखंडी पट्टी उभी केली, तिला दोन भोकं पाडून जुन्या पाईपचा फ्लँज बोल्टने आवळला. मागचं टोक जिथे येतं तिथे दुसरी पट्टी लावली आणि तिला पाईपच्या मापाची खोबण पाडली. तिसरी पट्टी ब्रेक पेडलचा दांडा पूर्ण दाबल्यावर जिथे येतो त्या जागी. मग जुना पाईप काढून नवा ठेवला तर फरक डोळ्यांना दिसतो. तुमचा जुना पाईप कितीही वाईट अवस्थेत असला तरी काम संपेपर्यंत भंगारात देऊ नका.

१६ नोव्हेंबर

साचा, जुना पाईप आणि नवा पाईप गोणपाटात बांधून सकाळच्या एसटीने कोल्हापूर. रत्नागिरीत आर्गन वेल्डिंग (हवा लागू नये म्हणून आर्गन वायू सोडून केलेलं) होतं, पण पाईपच्या आतूनही गॅस सोडून वेल्ड करणारा मला सापडला नाही. स्टेनलेसला हे आवश्यक आहे. बाहेरून गॅस असतो म्हणून वेल्ड सुंदर दिसतं, आतून मात्र हवा लागून धातू काळा, खडबडीत होतो आणि पुढे तिथूनच तडकतो. शिवाजी उद्यमनगरात हे काम रोजचं आहे.

मेव्हण्याच्या ओळखीच्या शॉपमध्ये गेलो. फॅब्रिकेटरने साचा बघितला आणि म्हणाला, "जुना पाईप आणलासा ते लई बरं केलंसा. न्हाईतर लोक नुसता फोटो घिऊन येत्यात." सगळ्यात आधी त्याने माझी शंका मिटवली. पाईपवर टेस्टिंग लिक्विडचा थेंब टाकला, छोट्या बॅटरीच्या तारा टेकवल्या. २०२ असेल तर थेंब लाल होतो. झाला नाही. माल ३०४ चा आहे.

मग फ्लँजचा घोळ बघितला. नव्या पाईपचा फ्लँज सहा मिलिमीटरच्या साध्या लोखंडाचा आणि मोकळा फिरणारा, तर पोर्टमध्ये शिरणारी कॉलर पाईपला वेल्ड केलेली. कोन चुकला होता तो कॉलर थोडी तिरकी वेल्ड केल्यामुळे. इथे एक अंश फिरला की पाईपच्या दुसऱ्या टोकाला बोटभर फरक पडतो. त्यामुळे मधून वाकवून काही उपयोग नव्हता. कॉलरजवळच कापून सरळ करायला हवं होतं.

त्याने तसंच केलं. कॉलर कापली, साच्यावर बसवली, पाईपचं मागचं टोक खोबणीत टेकवलं आणि चार बाजूंनी टाके मारले. पूर्ण वेल्ड लगेच मारलं नाही. टाक्यांवर पाईप काढून पेडलच्या पट्टीशी अंतर बघितलं, पुन्हा थोडा फिरवला. मला हे बघताना फार समाधान वाटलं, कारण घाई करायला त्याच्याकडे कारण होतं, बाहेर ट्रॅक्टरचं काम थांबलं होतं.

नंतर कॅट. जुन्या पाईपचा मागचा भाग कापल्यावर दिसलं की कॅटचं आतलं जाळीदार मधाचं पोळं अखंड आहे आणि त्याचं कवच गंजलेलं नाही. सडलं होतं ते फक्त पुढचं वळण. तेवढा तुकडा नव्या पाईपच्या सरळ भागात घातला. दोन वेगळ्या जातींचं पोलाद जोडायचं म्हणून ३०९एल ची फिलर सळई वापरली, पाईपची दोन्ही तोंडं टेपने बंद करून आतून आर्गन सोडला. मजुरी १,४०० रुपये. एसटी आणि जेवण वेगळं. मिसळ खाल्ल्याशिवाय परत यायचं नसतं, तोही खर्च यात धरा.

१७ नोव्हेंबर

बसवला. क्रम लिहून ठेवतो, कारण निम्मी लीकेज क्रम चुकल्यामुळे होतात. नवी गॅस्केट पोर्टमध्ये, ग्रीसचा एक ठिपका लावून, म्हणजे पडत नाही. पाईप लावून हेडचे नट फक्त बोटांनी. सायलेन्सर सरकवून क्लॅम्प बोटांनी. मागचे बोल्ट बोटांनी. सगळं ढिलं असताना पाईप हाताने हलवून तो स्वतःच्या जागी बसतोय का बघायचं. मग हेडचे नट आळीपाळीने, प्रत्येकाला थोडं-थोडं. मग क्लॅम्प. मग मागचे बोल्ट. उसन्या टॉर्क रेंचवर २० न्यूटन-मीटरला थांबलो. आट्यांना ग्रीस असतं तेव्हा त्याहून जास्त लावण्यात धोका आहे.

चालू करण्याआधी पूर्ण पाईप थिनरने पुसला. हाताच्या तेलकट बोटांचे ठसे स्टेनलेसवर राहिले तर पहिल्या तापण्यातच भाजून कायमचे उमटतात.

पेडल मोकळं. पाईप सरळ. आणि हेडपाशी टिक्-टिक् आवाज. उदबत्ती पेटवून जोडाजवळ धरली, धूर उजव्या वरच्या बाजूला झटके खाऊन उडत होता. लीक.

मी नट अजून आवळले. आवाज कमी झाला, थांबला नाही, अजून आवळले, आणि मग फ्लँजच्या दोन्ही टोकांना किंचित बाक आलेला दिसला. मध्ये कॉलर उंच आणि दोन कडांना नट, म्हणजे आवळाल तितका फ्लँज धनुष्यासारखा वाकतो आणि मधला दाब कमीच होत जातो. लीक आवळून बंद करायचा हा रस्ता चुकीचा आहे.

२४ नोव्हेंबर

पाईप पुन्हा खाली. काजळीने सगळं सांगितलं: गॅस्केटवर तीन बाजूंना स्वच्छ चमकदार वर्तुळ, उजवीकडे वर काळा पट्टा. कॉलरच्या तोंडावर बोट फिरवलं तर तिथे मूळ वेल्डिंगचा बारीक उंचवटा. विक्रेत्याकडून आला तेव्हापासूनचा असणार, कोल्हापूरचं वेल्डिंग मागच्या बाजूला होतं. डोळ्यांना दिसत नव्हता.

मिरजोळ्यातल्या लेथवाल्याकडे नेला. त्याने कॉलरचं तोंड हलकंसं घेतलं, अगदी नखाच्या जाडीइतकं. वाकलेला फ्लँज सरळ करून वापरायचा नाही असं ठरवलं आणि त्याच्याकडूनच दहा मिलिमीटर जाडीच्या पट्टीतून नवा कापून घेतला. सहाचा वाकतो, दहाचा नाही. दोन्ही मिळून ६५० रुपये. मी घरी कानशीने तोंड घासून घेतलं असतं तर? सपाट झालं असतं, पण पाईपच्या अक्षाशी काटकोनात राहिलं असतं याची खात्री नव्हती. हे काम लेथचंच.

वापरलेली गॅस्केट फेकली. एकदा दाबली गेली की ती पुन्हा बसत नाही, मग ती कितीही नवीन दिसो. म्हणून सुरुवातीलाच दोन-तीन घेऊन ठेवा. माझं नेहमीचं स्पेअर पार्टचं दुकान रविवारी बंद होतं आणि त्यात आठवडा गेला.

१ डिसेंबर

नवी गॅस्केट, जाड फ्लँज, तोच क्रम. पहिल्या किकला चालू. सुरुवातीला थोडा धूर, तो स्प्रे आणि ग्रीस जळण्याचा. उदबत्तीचा धूर जोडाजवळ सरळ वर गेला. सायलेन्सरचं तोंड जाड चिंधीने क्षणभर झाकून बघितलं, इंजिन घुसमटलं, जोडातून कुठेही फुसकारा नाही.

थ्रॉटल सोडल्यावरचे फुटके आवाज पूर्ण गेले. म्हणजे ते कार्ब्युरेटरचे नव्हतेच; फुटलेल्या पाईपातून बाहेरची हवा आत ओढली जायची आणि न जळलेलं पेट्रोल तिथे पेट घ्यायचं. हे आवाज ऐकून लोक कार्ब्युरेटरचे जेट (पेट्रोल मोजून सोडणारी बारीक भोकं) बदलत बसतात. आधी उदबत्ती लावून बघा.

जेटिंगला हात लावला नाही. एअर फिल्टर, सायलेन्सर आणि कॅट तेच असताना लावायची गरजही नव्हती. खात्रीसाठी थोडं फिरवून दोन्ही प्लग काढून बघितले, या इंजिनाला दोन आहेत. दोन्हींचा रंग फिकट तपकिरी. पांढरे निघाले असते तर हवा-पेट्रोलचं मिश्रण पातळ (पेट्रोल कमी), काळे निघाले असते तर दाट.

पीयूसी करून घेतली. माझ्या गाडीसाठी कार्बन मोनॉक्साईडची मर्यादा ३.५ टक्के, रीडिंग तिच्या बरंच खाली आलं. कॅट ठेवण्यासाठी केलेली सगळी यातायात या एका आकड्यात वसूल झाली.

खर्च: पाईप ३,२००, कोल्हापूरची मजुरी १,४००, लेथ ६५०, वेल्डर काका ५००, स्टड-नट-गॅस्केट ४८०, कॉपर ग्रीस आणि स्प्रे ७००. सहा हजार नऊशे तीस, एसटी सोडून. कंपनीचा पाईप घेतला असता तर यापेक्षा स्वस्त पडला असता आणि स्टड निघाल्यावर एका दुपारी बसला असता. तुम्ही देशावर, कोरड्या हवेत राहत असाल तर तोच घ्या. किनाऱ्यावरच्यांनी स्टेनलेसचा विचार करावा, पण पाईपच्या किमतीएवढाच खर्च तो नीट बसवायला येतो हे धरून.

१५ डिसेंबर

लांबची चाचणी. रत्नागिरीहून हातखंबा, पाली, नाणीज, साखरपा, आणि आंबा घाट चढून वर. घाटात तिसऱ्या गियरमध्ये गाडी आधीसारखीच ओढते. ताकद वाढलेली नाही, वाढावी असं काही केलेलंही नाही. ब्रेक पेडल उतारावर पुन्हापुन्हा दाबून बघितलं, कुठेही टेकत नाही.

पाईप पोर्टजवळ सोनेरी झालाय, पुढे जांभळट छटा. स्टेनलेसला हे होतंच. फक्त एकाच जागी गडद निळा पट्टा आला तर मिश्रण पातळ आहे का ते तपासायचं.

घरी आल्यावर रात्रभर थंड होऊ दिला आणि सकाळी नट तपासले. उजवा किंचित सैल होता, पुन्हा २० ला आणला. गॅस्केट पहिल्या काही तापण्यांत दबते, म्हणून हे एकदा करावंच लागतं, आणि थंड इंजिनावरच. क्लॅम्प घट्ट होता.

खालच्या वळणावर दोन बारीक तपकिरी ठिपके दिसले. ३०४ ला खाऱ्या हवेत असे डाग पडतात, ३१६ ला कमी पडतात, पण त्या ग्रेडमध्ये तयार बेंड पाईप मला मिळाला नाही. गोड्या पाण्याने धुऊन नायलॉनच्या घासणीने घासल्यावर गेले. लोखंडी घासणी वापरायची नाही, तिचे कण चिकटून तिथे खरा गंज धरतो. आता आठवड्यातून एकदा, गाडी थंड असताना, पाईपच्या खालच्या अंगाला गोडं पाणी. पुढची नोंद पावसाळ्यानंतर, दोन्ही नट सोडून बघितल्यावर.